सावडायला येणारा हवालदार

"सावडायला कावळा एक वेळ उशिरा ईल, पर आमचा नाथाजी न्हाई," असे रंगूकाकू म्हणत. नाथाजी फाळके यांच्या घराला त्यांच्या घराची भिंत लागून होती. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आळीत साक्षीदाराच्या जबाबाचे वजन होते. इतर शेजारी इतके नेमके बोलत नसत. कोणी म्हणे, चौतीस वर्षे पोलिसात काढली, मढी बघायची सवय लागली ती सुटेना. कोणी म्हणे, बायको गेल्यापासून घरची चूल थंड, म्हणून गडी मयतीच्या घरचा घास गाठतो. पानाच्या टपरीवरचे बाळासो त्यांना तोंडावरच विचारीत, "काय हवालदार, आज कुठली तारीख?" नाथाजी गावाचे नाव सांगत, पानाला चुना कमी लावायला बजावत आणि जुनी मोटारसायकल सुरू करून निघून जात.

आमचे गाव रहिमतपूरच्या अलीकडे, कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यात. मी शिक्षणासाठी बाहेर पडलो तो पुण्यातच राहिलो. महिन्या-दीड महिन्याने गावी जाणे होई आणि दर वेळी आई मला आळीतल्या बातम्यांबरोबर नाथाजीतात्यांनी या खेपेला किती मयती केल्या तेही सांगे. मला त्यात एक गोष्ट चमत्कारिक वाटे. माझे चुलते वारले तेव्हा तात्या शेजारी म्हणून आले, दहा मिनिटे उभे राहिले आणि कामाचे निमित्त सांगून गेले. त्याच आठवड्यात मात्र ऐंशी किलोमीटरवर, तासगावच्या बाजूला, ओळखीदेखीची नसलेली एक म्हातारी गेली, तर तिच्या सावडण्याला ते सकाळी सातला हजर होते. ते जात ते फक्त म्हाताऱ्या बायकांच्या सावडण्याला. त्यातही ज्या घरी एकट्या राहत अशांच्या. हे ध्यानात आल्यावर मी त्यांना सरळच विचारले. त्यांनी बसायला पाट दिला. पुढे तीन-चार रविवारच्या सकाळी, शेंगा फोडता फोडता, त्यांनी जे सांगितले ते मी येथे क्रमाने मांडतो आहे. त्यांनी ते क्रमाने सांगितलेले नव्हते.

नाथाजींचे दोन्ही थोरले भाऊ फौजेत गेले. यांची छाती एका इंचाने कमी भरली म्हणून हे पोलिसात आले. त्यांच्या हातून मोठे गुन्हे कधी उघडकीला आले नव्हते. विहिरीवरच्या मोटारी, देवळाच्या घंटा, उसाच्या ट्रॅक्टरचे टायर हेच त्यांचे क्षेत्र. माणूस सरळ, अक्षर चांगले. पंचनामा लिहायचा झाला की ठाण्यातले सगळे त्यांच्याकडेच कागद सरकवीत.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत त्यांच्या हद्दीतल्या एका वाडीवर चंद्राबाई नावाची एकाहत्तर वर्षांची विधवा दुपारी खाटेवर मरून पडलेली आढळली. मुलगा फौजेत, जम्मूकडे. सून रेश्मा मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहत होती. म्हातारी दुपारची झोपली ती उठलीच नाही, नशिबाची म्हणायची, असे सगळे म्हणाले. एरवी तिन्हीसांजेच्या आत सरण पेटले असते. आमच्याकडे प्रेत घराबाहेर पडले की बायका लगेच जमीन सारवून घेतात, अंथरूण ओढ्याला जाते आणि मेलेल्या माणसाची अखेरची खूण दोन तासांत पुसली जाते. पण मुलगा यायला दोन दिवस लागणार होते, म्हणून प्रेत साताऱ्याला बर्फात ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंना काळसर डाग उमटले आणि मानेमागे केसाएवढा बारीक ओरखडा दिसू लागला. डॉक्टरांनी प्रेत द्यायचे थांबवले. म्हातारीला उशीने गुदमरवून मारले होते आणि तिच्या गळ्यातली बोरमाळ नाहीशी झाली होती.

माळ गेल्याचे घरात आधीच सगळ्यांना ठाऊक होते. दोन दिवस त्यावरून घर पेटले होते. चंद्राबाईची लेक भावजयीच्या अंगावर धावून गेली होती : "आयचं डोळं मिटलं न्हाईत तवर माळ काडलीस व्हय गं?" रेश्मा शपथा घेत होती. दोघींपैकी कोणीही ही गोष्ट उंबऱ्याबाहेर काढली नाही.

खून म्हटल्यावर वाडीने आधी परका माणूस शोधला, आणि तो समोरच होता. थंडीत आटपाडीकडची मेंढरे आमच्या भागात उतरतात. शेतकरी खतासाठी ती रानात बसवून घेतात आणि मेंढपाळाला धान्य देतात. चंद्राबाईच्या घरामागच्या रानात आदल्या आठवड्यात आप्पासो नावाच्या मेंढपाळाच्या मेंढरांचा वाडा बसला होता. तो रोज तिच्या दारात पाण्याची घागर भरायला येई. खुनाच्या आदल्याच दिवशी त्याने तळ हलवला होता. नाथाजींना त्याच्या मागावर धाडले. आठ मैलांवर त्यांना तळ सापडला आणि आप्पासोच्या बायकोच्या, हरणाबाईच्या, गळ्यात बोरमाळ दिसली.

"पावती दाखीव," नाथाजी म्हणाले.

"माझ्या आयच्या गळ्यातली माळ हाय, जमादार," हरणाबाई म्हणाली. "आयची पावती कुठनं आणू?"

माळ ठाण्यात आली. नियमाप्रमाणे तशाच आणखी चार माळा मांडून त्यांतून ओळखायला सांगायला हवे होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकच माळ ठेवली गेली. रेश्मा आणि तिची नणंद, दोघी एकदमच आत आल्या. रेश्माने आधी नणंदेच्या तोंडाकडे पाहिले, मग माळेकडे, आणि म्हणाली, "हीच. आमचीच हाय." नणंद रडू लागली आणि तिने भावजयीला पोटाशी धरले. दोन दिवसांचा आरोप त्या क्षणी धुऊन निघाला.

"ती आदी नणंदंकडं बघितली," तात्या मला म्हणाले. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. "माळ वळखायला नणंदंचं त्वांड कशाला बघायला लागतंय? ते मला दिसलं. आन मी काय लिवलं ठावं हाय? 'सदर महिलेने मुद्देमाल पाहताक्षणी ओळखला.' अक्षर झकास आलं हुतं."

आप्पासो कच्चा कैदी म्हणून तुरुंगात गेला. जामीन नाकारला गेला. त्याची मेंढरे भावाकडे गेली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नाथाजींच्या दिवंगत पत्नीची मावशी वारली. गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. मुलगे-सुना शेजारच्याच वस्तीवर, पण म्हातारी आपल्या जुन्या घरी एकटी राहायची. दुपारी झोपेत गेली, संध्याकाळी अग्नी दिला, घर सारवले. तिसऱ्या दिवशी नाथाजी नातलग म्हणून सावडायला गेले. राख भरली, निवद मांडला : भाकरी, वरण, म्हातारीला आवडायचा म्हणून चहाचा कप, तंबाखूची चिमूट. कावळा बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना.

अशा वेळी काय होते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. मेलेल्या माणसाची इच्छा अडकली म्हणून कावळा अडतो. मग ज्याला जी इच्छा ठाऊक असेल तिचे वचन त्याने मोठ्याने द्यायचे. थोरला मुलगा म्हणाला, "आये, शिवतेजचं लगीन औंदा उरकतू." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "आये, भावाभावात बांधावरनं भांडण न्हाई व्हनार." कोणीतरी मागून पुटपुटले, "ह्याच्यावर तर कावळ्याचाबी इस्वास न्हाई." तेवढ्यात थोरली सून हात जोडून पुढे झाली.

"आत्याबाई, तुमची बोरमाळ जिनं कुनी नेली आसंल ती आणून दील. आता जीव अडकवू नगा."

तिघी बायकांनी तीन दिशांना माना वळवल्या. धाकटी सून रडू लागली. नाथाजींना चंद्राबाईचे घर आठवले. तीच दुपार, तशीच एकटी बाई, तशीच बोरमाळ, आणि घरात तसाच एकमेकींवरचा संशय. फरक इतकाच की आप्पासो या वेळी आठ महिन्यांपासून गजाआड होता.

त्यांनी धाकट्या सुनेला बाजूला घेऊन विचारले. सकाळी माळ गळ्यात होती. दुपारी प्रेताला आंघोळ घालताना नव्हती. पोलिसात का नाही सांगितले, म्हणताच ती म्हणाली, "घरातली गोष्ट हाय, आण्णा. चावडीवर कशी सांगायची?" तेव्हा नाथाजींना या खुन्याचे खरे बळ कशात आहे ते कळले. त्याला लपायची गरज नव्हती. प्रत्येक घर त्याच्यावतीने पुरावा धुऊन टाकत होते, आणि माळ गेली की घरातल्याच सुनेला किंवा लेकीला मनातल्या मनात चोर ठरवून तोंड मिटत होते.

ठाण्यात येऊन त्यांनी साहेबांना सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मढं आहे का, फाळके?"

"न्हाई, साहेब. जाळलं."

"तक्रार आहे का कोणाची?"

"न्हाई."

"मग काय, कावळ्याचा जबाब नोंदवता?"

सगळे ठाणे हसले. नाथाजीही हसले, असे त्यांनीच मला सांगितले. नोव्हेंबरात ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांचे सावडण्याला जाणे सुरू झाले. हे सारे तपासासाठी होते. आप्पासोचा खटला उभा राहायच्या आत असे आणखी खून दाखवून देता आले, तरच तो सुटणार होता. नाहीतर रेश्मा कोर्टात माळ ओळखणार, नाथाजींना आपले झकास अक्षर साक्षीत वाचून दाखवावे लागणार आणि आप्पासो जन्मभरासाठी आत जाणार.

त्यांची पद्धत अशी. मोबाइलवर दोन्ही जिल्ह्यांतले चाळीसेक गट. त्यांवर रोज निधनवार्ता येत. साठीच्या पुढची बाई, एकटी, दुपारी गेलेली, असे दिसले की तिसऱ्या दिवशी पहाटे निघायचे. घाटावर पुरुषांच्या घोळक्यात उभे राहायचे नाही, कारण तिथे उसाचा दर आणि कारखान्याची निवडणूक यांपलीकडे बोलणे जात नाही. बायकांच्या मागे, टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचे. कोणी विचारलेच, "कुनीकडचं पाव्हणं?" तर म्हणायचे, "म्हातारीच्या म्हायेरकडचा." प्रत्येक म्हातारीला माहेर असते, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या माहेरची माणसे सासरी कोणाला ओळखू येत नाहीत.

"चौतीस वर्सं जबाब घ्यातलं," ते म्हणत, "पर कावळा अडल्यावर मानूस जितकं खरं बोलतंय, तितकं मार खाऊनबी बोलत न्हाई." त्यांना त्या अर्ध्या-पाऊण तासात ठिकठिकाणच्या घरांची आतली बाजू दिसली. कोणी लेकीचे पत्र दडवून ठेवल्याचे कबूल केले. एका जावयाने सासूला महाबळेश्वर दाखवायचे राहिले म्हणून हंबरडा फोडला. एका ठिकाणी म्हातारीला चोरून आइस्क्रीम खायला आवडायचे असे नातीने सांगितले. माणूस धाडून कप आणवला आणि कावळ्याने तो उलथून टाकला. नाथाजी हे सगळे ऐकून घरी येत आणि त्यातले एक अक्षरही आळीत बोलत नसत. पंधरा महिन्यांत त्यांनी अशी एकतीस सावडणी पाहिली. त्यांपैकी दोन ठिकाणी, एक तासगावकडे आणि एक आमच्याच कोरेगाव तालुक्यात, कावळ्याला बोरमाळ परत करायचे वचन दिले गेले.

चंद्राबाई आणि मावशी धरून चार घरे झाली. पण त्या चार घरांत जाणारा समान माणूस कोण, ते सापडेना. दूधवाला निराळा, मीटर बघणारा निराळा, औषध देणारी ताई निराळी. मधल्या काळात कोर्टाच्या प्रत्येक तारखेला ते साताऱ्याला जात आणि आवारात उभे राहत. आप्पासोला गाडीतून उतरवत तेव्हा तो एकदा त्यांच्याकडे पाही आणि मान फिरवी. दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये साक्षीपुरावा सुरू होणार, असे ठरले.

दुवा हाती आला तो मावशीच्या वर्षश्राद्धाला. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता आणि नाथाजी पंगत वाढेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांचे फोटो कसे असतात ते सर्वांना माहीत आहे. माणूस गेल्यावर फोटोची शोधाशोध होते. मग आधारकार्डावरचा मोठा करतात, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढतात, आणि चौकटीत म्हातारीच्या खांद्याजवळ परक्या माणसाचा अर्धा कान राहतो. मावशी मात्र निळ्या पडद्यासमोर ताठ बसली होती. पदर नीट डोक्यावर, आणि त्यावर बोरमाळ मुद्दाम पसरून घातलेली.

"ह्यो फोटू कवा काडला?" त्यांनी थोरल्या सुनेला विचारले.

"आत्याबाईंनीच काडून घ्यातला. फटफटीवर एक पोरगा यायचा की. म्हनल्या, तुमचा काय भरवसा न्हाई, मी गेल्यावर आधारकार्डावरचं भूत टांगाल भिताडाला."

"आन गेल्या कवा?"

सुनेने बोटे मोजली. "फोटू आल्यावर बघा, पंधरा दिसांनी. जणू ठावंच हुतं."

दुसऱ्या दिवशी नाथाजी उरलेल्या तिन्ही घरी गेले. तिन्ही भिंतींवर निळा पडदा होता आणि पदरावर बोरमाळ होती. आपल्या मरणानंतर मुलांची अडचण होऊ नये म्हणून या बायकांनी हौसेने फोटो काढून घेतला होता. त्यासाठी गळ्यातला दागिना पदरावर पसरून घातला होता आणि फोटो काढणाऱ्यालाच दाखवला होता. फोटोवाला पोरगा मोठा गुणाचा, पाया पडायचा, "आजी, एकट्याच राहता व्हय?" म्हणून आपुलकीने चौकशी करायचा. प्रत्येक गावात त्याने नाव निराळे सांगितले होते. फोटोमागचा मोबाइल नंबर बंद होता. साहेब म्हणाले, निळा पडदा जिल्ह्यातल्या प्रत्येक फोटोवाल्याकडे आहे. एकटी क्रांती नावाची महिला शिपाई, जी पूर्वी नाथाजींच्या हाताखाली पंचनामे लिहायला शिकली होती, म्हणाली, "तात्या, कधी लागलं तर फोन करा. रजा टाकून येते."

फेब्रुवारी आला. साक्षीची तारीख महिन्यावर आली तेव्हा नाथाजींनी पहिल्यांदा आळीत तोंड उघडले. टपरीपाशी चार बायाबापड्यांना गोळा करून त्यांनी निळ्या पडद्याच्या फोटोवाल्याची हकीकत सांगितली. रंगूकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आवं भावजी, मग हे आदी सांगायचं न्हाई व्हय? माजा परवाच काडून गेला की!"

रंगूकाकूंचे दोन्ही मुलगे पिंपरीला. घरात त्या एकट्या. फोटोवाल्या पोराने म्हटले होते, "काकू, असतील नसतील तेवढे दागिने घाला, फोटोला उठाव येतो." त्यांनी बोरमाळ घातली होती. चौकट आठ दिवसांनी आणून देतो म्हणाला होता.

त्यानंतर चौकट येईपर्यंत नाथाजी रंगूकाकूंच्या सोप्यात शेंगा फोडत बसले. काकू येता-जाता त्यांना ऐकवीत. "आजवर दुसऱ्याच्या मयती केल्या, आता माज्या मयतीची वाट बघत बसलाय व्हय भावजी? निवदाला काय आवडतंय ते इच्यारून तरी ठिवा." नाथाजी म्हणत, "वैनी, तुमचा कावळा जलमात शिवायचा न्हाई. तुमच्या इच्छा मोजायला तलाठी आणावा लागंल."

ठरल्या दिवशी तो चौकट घेऊन आला. अठ्ठावीस-तीस वर्षांचा, नीटनेटका. या खेपेला नाव सांगितले ऋषिराज. पाया पडला. बंडीतल्या नाथाजींकडे पाहून म्हणाला, "हे कोण?" काकू ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, "आमचं भावजी. हितंच पडल्यालं असत्यात. येत्या बुधवारी डोळं दाखवायला साताऱ्याला जाणार हायती, तेवडाच मला इसावा." बुधवार आमच्याकडचा बाजाराचा वार, दुपारी आळीत कुत्रेदेखील नसते. पोराने मान डोलावली, पाणी प्यायला आणि गेला.

बुधवारी दीड वाजता तो परत आला. चौकटीची काच नीट बसली का ते बघायला आलो, म्हणाला. आत, चुलीपाशी, दाराआड नाथाजी आणि क्रांती बसले होते. पुढचे रंगूकाकूंनी नंतर आळीला इतक्यांदा सांगितले की ते आता पोरांनाही पाठ आहे. "मी म्हनलं, बाबा, तू काच बघ, मी जरा आडवी हुती. डोळं मिटलं. त्यानं माज्या डोसक्याखालची उशी हळूच वडली. मी म्हनलं, काय रं, उशी कशाला? मला उशीबिगर झोप लागत न्हाई. तर माजं बोलणं तोंडातच, आन उशी तोंडावर!" क्रांतीने त्याला मागून धरले, नाथाजींनी मनगट पकडले. काकूंनी उशी बाजूला फेकली आणि धाप लागली असतानाही पहिले वाक्य बोलल्या ते असे : "भावजी, जरा आदी यायला काय धाड भरली हुती?"

त्याच्या खोलीत चार फोटोंच्या मूळ प्रती सापडल्या. बरेचसे सोने वितळवून झाले होते. एक बोरमाळ मात्र शाबूत होती. तिच्यातला एक मणी पूर्वी कधी हरवला होता आणि त्या जागी लाल काचेचा मणी ओवलेला होता. या वेळी तशाच चार माळा मांडून रेश्माला बोलावले. तिने कोणाच्याही तोंडाकडे पाहिले नाही. लाल मण्यावर बोट ठेवले. त्या मण्याची गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. टेबलावरच्या हरणाबाईच्या माळेत लाल मणी नव्हता, हेही तिने तेव्हाच पाहिले होते.

आप्पासो सुटला. आत जाऊन त्याला दोन वर्षे दोन महिने झाले होते. हरणाबाईची माळ न्यायालयाच्या हुकुमाने परत गेली. वर्तमानपत्रांत 'निवृत्त हवालदाराची कामगिरी' म्हणून फोटो छापून आला. जिल्ह्याला सत्कार ठरला. फेटा, शाल, नारळ, मानपत्र. टपरीवर बाळासोंनी पानाला चुना बरोबर लावला आणि पैसे घेतले नाहीत.

सत्काराच्या दिवशी मी गावी होतो. सकाळी तात्या धुतलेला सदरा घालून आमच्या दारात आले. मला वाटले, गाडीतून साताऱ्याला सोडायचे असेल. ते म्हणाले, "आटपाडीकडं न्हेशील काय?"

आम्ही आप्पासोच्या वस्तीवर पोहोचलो तेव्हा उन्हे वर आली होती. माळरान, बोरीची काटेरी कुंपणे, दोन खोल्या. वाड्यात पंधरा-वीस मेंढ्या होत्या. पूर्वी किती होत्या ते मी विचारले नाही. आप्पासो दारात बसून हातचातीवर लोकर कातत होता. त्याने आमच्याकडे पाहिले, बसा म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. त्याची लेक अपेक्षा आतून घोंगडे घेऊन आली. तिच्या आईने डोळ्याने खुणावल्यावर तिने ते माझ्यापुरतेच अंथरले. नाथाजी उभेच राहिले.

हरणाबाईने चहा आणला. कप एकच होता आणि तो तिने माझ्या हातात दिला.

"तुमी घ्या, पाव्हणं. जमादाराला पावती बघितल्याबिगर काय गोड लागत न्हाई, आन आमच्या च्याला पावती नसती."

मला कप खाली ठेवता येईना, पिताही येईना. नाथाजींनी टोपी काढून हातात घेतली.

"आप्पासो," ते म्हणाले, "माळ वळखाय आली तवा ती सून आदी नणंदंकडं बघितली हुती. ते मला दिसलं हुतं. मी लिवलं न्हाई. येवडंच सांगाय आलोय."

चातीला पीळ बसत राहिला. आप्पासोने धागा संपेपर्यंत मान वर केली नाही. मग बायकोला म्हणाला, "मेंढरं पाणी पिऊन आली का बघ गं." आणि लोकरीचा दुसरा पुंजका घेतला. हरणाबाई मेंढ्यांकडे गेली ती परत आली नाही. नाथाजींनी टोपी घातली आणि गाडीकडे चालू लागले.

विट्याच्या पुढे आल्यावर क्रांतीचा फोन आला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. मंडप भरला होता, पाहुणे आले होते, साहेब स्वतः दोनदा विचारून गेले होते. "तात्या, आहात कुठं? निदान उशिरा तरी या." मी म्हणालो, "तात्या, अजून वेळ आहे. मी सरळ साताऱ्याला घेतो. खुनी तुम्हीच धरलात, मग जायला काय हरकत आहे?"

त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि आम्हा दोघांना एकदमच उत्तर दिले :

"व्हय, त्यो मीच धरला. आन आप्पासोलाबी मीच धरला हुता. सायबास्नी सांग, दोन्हींचा सत्कार एकदम करणार आसतील तर येतो. न्हाईतर नारळ ठिवा म्हणावं तितंच."